वाट कोणी कोणाला द्यावी?

अरुंद वाटेवर दोन माणसे समोरासमोर आली, तर बाजूला कोणी व्हावे? प्रश्न दिसायला पोरकट आहे. पण आपल्या पूर्वजांना तो तसा वाटला नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा रीतसर निवाडा आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझे वाहणारा, स्त्री, विद्याव्रत पुरे केलेला स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी, असे मनू सांगतो. ही सारी मंडळी एकाच वेळी समोर आली तर राजाचा आणि स्नातकाचा मान मोठा. आणि त्या दोघांतही राजाने स्नातकाला वाट द्यावी, असा शेवटचा निकाल आहे. महाभारताच्या वनपर्वात जनकाच्या यज्ञाला निघालेला पोरसवदा अष्टावक्र खुद्द राजालाच असला नियम ऐकवतो. आंधळा, बहिरा, स्त्री, भारवाहक यांचा वाटेवरचा हक्क तो मानतो, राजाचाही मानतो. मात्र ब्राह्मण समोर आला की साऱ्यांनी सरकावे, असे म्हणतो. आदिपर्वातली कथा तर भयंकर आहे. कल्माषपाद राजा आणि वसिष्ठाचा मुलगा शक्ती एका चिंचोळ्या वाटेवर भेटले. दोघेही हटेनात. राजाने चाबूक उगारला, ऋषीने शाप दिला, राजा राक्षस झाला; आणि त्या राक्षसाने पहिला घास घेतला तो त्या शक्तीचाच. वाट न देण्यापायी एकाची माणुसकी गेली आणि दुसऱ्याचा जीव गेला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. तत्त्वज्ञानाची परिभाषा माझ्यापाशी नाही. शाळेत मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्या, एवढाच माझा व्यवसाय. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याला पात्रे सदैव कुठून तरी कुठे तरी चालवत न्यावी लागतात, आणि मास्तराला रोज सकाळी कोण कसा चालत शाळेत आला हे दिसत असते. या दोन्ही धंद्यांमुळे मला या जुन्या निवाड्यांचा विचार करण्याची खोड लागली. त्यांत मला दोन मापे एकमेकांत मिसळलेली दिसतात. एक माप गरजेचे: म्हातारा, रोगी, भारवाहक, आंधळा. दुसरे माप मानाचे: राजा, स्नातक, ब्राह्मण. पहिल्या मापाने पाहिले तर ज्याला चालणे जड जाते त्याची वाट आधी. दुसऱ्याने पाहिले तर ज्याच्यापुढे इतर वाकतात त्याची वाट आधी. आणि यादीच्या तोंडाशीच कोण बसला आहे पाहा: चाकावरचा माणूस! आमचे आजचे रस्ते बांधणारे मनूचे नाव काढत नसतील, पण यादीतले हे पहिले नाव त्यांनी निष्ठेने जपले आहे.

तरीही या साऱ्या निवाड्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जे दोघे समोरासमोर आले, त्या दोघांनाही वाटेवर येण्याची मुभा होती. ज्याने वाटेवर मुळी दिसूच नये, त्याचे काय?

त्याचे काय, हे मराठीत पहिल्यांदा लिहून ठेवले ते एका शाळकरी मुलीने. मुक्ता साळवे तिचे नाव. जातीने मांग, वय चौदाच्या आसपास, शाळा पुण्यातली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. बाजीरावाच्या राज्यात मांग-महारांपैकी कोणी तालीमखान्यापुढून नुसता गेला तरी त्याचे शिर जाई आणि त्या शिराचा खेळ मांडला जाई, असे तिने लिहिले आहे. आणि त्यापुढे तिने जे विचारले ते मला मास्तर म्हणून फार लागते. जेथून नुसते जाण्याची बंदी, तेथे शिकण्याची मोकळीक कुठून मिळणार, असा तिचा सवाल आहे. चौदा वर्षांच्या मुलीने विद्येचा प्रश्न आणि वाटेचा प्रश्न एका गाठीत बांधून दाखवला. शाळा उघडली म्हणजे काम संपले असे आपण समजतो. पण शाळेपर्यंतची वाट उघडली नाही तर उघड्या दाराचा उपयोग काय? खुद्द सावित्रीबाईंनाही शाळेत जाताना वाटेत लोक शेणमाती मारीत आणि म्हणून त्या जवळ दुसरे लुगडे ठेवीत, असे सांगतात. फळ्यापुढे उभे राहण्याआधी त्यांना रस्त्यावरची परीक्षा रोज द्यावी लागे.

या अन्यायाची टोचणी आपल्या थोरांना नव्हती असे नाही. काशीच्या गल्लीत आद्य शंकराचार्यांसमोर कुत्री घेतलेला चांडाळ आला, आणि ‘दूर हो’ म्हणताच त्याने उलट विचारले की दूर कोणी व्हायचे? एका अन्नावर वाढलेल्या देहाने दुसऱ्या देहापासून, की एका चैतन्याने दुसऱ्या चैतन्यापासून? अद्वैताची याहून कडक परीक्षा कोणी घेतली नसेल. आचार्य त्याला गुरू मानून नमस्कार करतात, ‘मनीषापंचक’ रचतात. पण पुढे कथेत असे निघते की तो चांडाळ नव्हताच, साक्षात शिव होता! मला या ठिकाणी नेहमी ठेच लागते. प्रश्न विचारणारा देव ठरला की प्रश्नाची धार गेली. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जो खराखुरा चांडाळ गेला असेल, त्याला वाट मिळाली का, हे सांगायला कथा थांबलेली नाही.

एकनाथांची कथा अधिक जवळची. ती आपल्या गोदावरीच्या काठची आहे. पैठणच्या वाळवंटात भर दुपारी महाराचे एक पोर तापल्या वाळूत रडत होते. नाथांनी ते उचलून कडेवर घेतले आणि महारवाड्यात पोचवले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात हे केवढे धैर्य! त्यापुढे मी मस्तकच नमवतो. पण नमवलेले मस्तक वर उचलल्यावर विचार येतो: दुसऱ्या दिवशी त्या पोराला पुन्हा त्याच वाळूतून जायचे होते. नाथ रोज कुठून येणार? करुणा एका पोराला उचलते; सावलीची वाट झाली तर सगळी पोरे चालत जातात. संतांनी पहिले काम केले. दुसरे काम संतांचे नव्हते, समाजाचे होते, आणि समाजाने ते शतकानुशतके केले नाही.

ते काम अखेर ज्यांनी हाती घेतले त्यांनी वाट दान म्हणून मागितली नाही. त्रावणकोरात अय्यनकाळी १८९३ साली स्वतःच्या बैलगाडीत बसून बंदी असलेल्या रस्त्यावरून निघाले. त्याच मुलखात वायकोमच्या शिवमंदिराभोवतीचे रस्ते अवर्णांना बंद होते. तेथे ३० मार्च १९२४ रोजी सत्याग्रह सुरू झाला. मागणी देवळात जाण्याची नव्हती, देवळाजवळच्या रस्त्याने जाण्याची होती. वीस महिन्यांनी त्यांतले तीन रस्ते उघडले आणि पूर्वेचा तसाच राहिला. आपल्याकडे २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या मागून माणसे रांगेने चवदार तळ्यावर चालत गेली. पाण्याला स्पर्श ही त्या चालण्याची अखेर होती. पण भरगावातून उजळ माथ्याने, रांगेने, सर्वांच्या देखत चालत जाणे हाही त्या दिवशीचा सत्याग्रहच होता.

आणि नाशिक. २ मार्च १९३० रोजी आमच्या गावातून जी मिरवणूक काळाराम मंदिराकडे निघाली, ती चौघाचौघांच्या रांगेत सुमारे मैलभर लांब होती. देवळाचे सारे दरवाजे बंद होते, म्हणून ती गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे तिची सभा झाली. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी, सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया, चार दरवाज्यांपुढे जाऊन बसली. डॉ. आंबेडकरांच्या बरोबर या सत्याग्रहाचा भार वाहिला तो दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांनी. मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह म्हणून तो इतिहासात नोंदला गेला, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातला एक दिवस मला वाटेच्या दृष्टीने फार बोलका वाटतो. तो म्हणजे ९ एप्रिल १९३०, रामाच्या रथाचा दिवस. धनंजय कीर यांनी आंबेडकर-चरित्रात त्याची हकीगत दिली आहे. दोन्ही बाजूंच्या तरुणांनी मिळून रथ ओढावा, असा समझोता झाला होता. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात रथाला लागण्याआधीच झटापट सुरू करण्यात आली, आणि दुसऱ्या बाजूने रथ पळवून एका अरुंद गल्लीत नेला. दगडांचा वर्षाव झाला, रक्त सांडले.

देव देवळात असतो तेव्हा निदान असे म्हणता येते की देऊळ पंचांचे आहे, पुजाऱ्याचे आहे, परंपरेचे आहे. पण रथात बसून देव रस्त्यावर येतो तेव्हा तो सर्वांच्या जागेत येतो. त्या दिवशी भांडण देवळाच्या उंबऱ्यावर नव्हते, भर रस्त्यावर होते. वाट सर्वांची आहे हे मान्य करण्यापेक्षा देवाला घेऊन गल्लीत पळणे लोकांना सोपे वाटले. पुढे पाच वर्षे सत्याग्रह चालू-बंद होत राहिला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पाच वर्षे दार ठोठावून न उघडलेल्या घराची आशा सोडून माणसे निघाली.

येथे कोणी म्हणेल, हा सारा मानापमानाचा इतिहास झाला. सुरक्षित रस्ता, पदपथ, सायकलची वाट या तर इंजिनियरच्या गोष्टी आहेत. मान निराळा, जिवाची सुरक्षितता निराळी. त्यांना मी चाळीसगावची मोरी दाखवीन. ऑक्टोबर १९२९ मध्ये मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून डॉ. आंबेडकर खानदेशात गेले होते. चाळीसगावला उतरले तेव्हा महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना रात्रीपुरते आग्रहाने ठेवून घेतले. महारवाडा काही फार दूर नव्हता. पण एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार होईना, आणि आपल्या बॅरिस्टर पाहुण्याने पायी यावे हे लोकांच्या मनाला पटेना. अखेर टांगा मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा एका गड्याने लगाम हाती घेतला. वाटेत मोटारीशी टक्कर होता होता राहिली; पुढे नदीवरच्या मोरीवर चाक अडखळले, बाबासाहेब दगडावर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेला. ही हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आता सांगा, तो पाय कशाने मोडला? मोरी अरुंद होती म्हणून, की टांगेवाल्याला आपली जात मोठी वाटली म्हणून? रस्त्यावरचा अपमान आणि रस्त्यावरचा अपघात हे सख्खे भाऊ आहेत.

म्हणूनच राज्यघटना लिहिताना रस्ते विसरले गेले नाहीत. पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांच्याबरोबर रस्त्यांचे नाव स्पष्ट घातलेले आहे. सरकारी पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या रस्त्याचा वापर धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून कोणाला नाकारता येणार नाही. कायद्याने बंदी उठली. पण बंदी उठणे आणि वाट मिळणे या दोन गोष्टी एक आहेत काय?

मी गावावरची कादंबरी लिहायला बसतो तेव्हा आधी कागदावर गावाचा नकाशा काढतो. वेस, चावडी, देऊळ, पार, आणि मग गावकुसाबाहेर, पाण्याच्या उताराला, ओढ्यापलीकडे ती वस्ती. पात्र तिथले असेल तर त्याला लेखकाने जरा जास्तच चालवावे लागते. विहीर लांब, शाळा लांब, एस. टी.चा थांबा लांब. पावसाळ्यात ओढा आडवा येतो, आणि डांबर चावडीपाशी संपते. हा भूगोल कोणा एका दुष्टाने काल काढलेला नाही. तो शेकडो वर्षे पाय मारून मारून घट्ट झालेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांना आणि रस्त्यांना असलेली जातिवाचक नावे काढून त्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावी असा निर्णय घेतला. निर्णय उत्तम. नावात पुष्कळच असते. ज्याला ते नाव पत्त्यात लिहावे लागले त्याला विचारावे. पण पाटीवर समता आली आणि पाटीखाली गुडघाभर चिखल राहिला, तर ती समता घरी पोचेपर्यंत पाय माखूनच येणार. २००१-०२ च्या सुमारास अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची अस्पृश्यतेविषयी पाहणी झाली होती. काही गावांत सार्वजनिक रस्त्यावरून वरात काढायला, चपला घालून चालायला, सायकलवर बसून जायलाही दलितांना मज्जाव असल्याचे तीत आढळले. घटना होऊन पन्नास वर्षे उलटल्यावरची ही गोष्ट आहे. साधी सायकल! गुडघ्याच्या जोरावर चालणारे ते दोन चाकांचे वाहनही कोणाला आपल्या दारावरून जाताना सोसत नाही. कारण सायकलवरचा माणूस उभ्या माणसाहून वीतभर उंच दिसतो.

जातीची गोष्ट तशीच आदिवासींची. फरक इतकाच की त्यांना वाटेवरून हुसकावले नाही, वाटच त्यांच्यापर्यंत नेली नाही. आमच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून, डोक्यावर हंडे घेऊन, पाण्यासाठी जात-येत असत. त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली, राज्यभर हळहळ झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये तेथे लोखंडी पूल बसला. त्याच पावसाळ्यात पुराने तो नेला. पूल बसवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण हळहळ घाईत असते आणि नदीला घाई नसते. मुंबईच्या मोटारींसाठी जो पूल बांधतात, तो शंभर वर्षांच्या पुराचा हिशेब करून बांधतात. हंडेवालीच्या पुलासाठी एका छायाचित्राचा हिशेब पुरतो! मनूने, अष्टावक्राने ज्या दोघींना एकेकटे वाटेचा मान दिला होता, ती स्त्री आणि तो भारवाहक, या बाईत एकत्र आहेत. आणि तिला वाट मिळाली ती एका बल्लीच्या रुंदीची.

आता शहराकडे येऊ. शहरात कोणी कोणाची जात विचारून रस्त्यावरून हटकत नाही, हे खरे आहे, आणि ही लहान गोष्ट नव्हे. याच गुणासाठी लाखो माणसे गाव सोडून शहरात आली. पण शहरातल्या रस्त्याने जात विचारणे सोडले आणि वाहन विचारणे धरले. समृद्धी महामार्ग आमच्या इगतपुरीजवळून जातो. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पुरता खुला झाला. त्यावर पायी चालणाऱ्याला, सायकलला, मोटारसायकलला, रिक्षाला मज्जाव आहे. मी न्यायाने बोलेन: या मज्जावाची आणि काळारामाच्या दाराची बरोबरी करणे चूक होईल. दीडशेच्या वेगाजवळ धावणाऱ्या मोटारींमध्ये सायकल सोडणे म्हणजे खून आहे. शिवाय वाहन बदलता येते, जन्म बदलता येत नाही. पण हिशेब येथे संपत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी जेमतेम पाच घरांत मोटार होती आणि पंचेचाळीसेक घरांत सायकल. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांत मोटारीचे प्रमाण त्याहूनही कमी. वाहन बदलता येते खरे, पण ते कोणाच्या दारात उभे राहते हे पुष्कळसे जन्मानेच ठरलेले असते. म्हणजे जो प्रश्न पूर्वी तोंडावर विचारला जाई तो आता पाठीमागून विचारला जातो.

वेगासाठी स्वतंत्र रस्ता करावा, त्याला माझी हरकत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की ज्यांना त्यावर येऊ नका म्हटले, त्यांच्यासाठी दुसरी वाट तितक्याच काळजीने केली काय? २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, दिवसाला नव्वद. सरकारी अहवालात मेलेल्याचे वय मिळते, स्त्री की पुरुष ते मिळते, तो कशावर बसला होता तेही मिळते; त्याची जात मिळत नाही. मरणात तरी जात विचारू नये, हे शोभणारेच आहे. पण पहाटे रस्ते कोण झाडते, डोक्यावर विटा वाहून आठच्या पाळीला कोण चालत जाते, दुभाजकावरून पोर काखेत धरून कोण उडी मारते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्याला त्या नव्वदांतले पुष्कळसे चेहरे कुठून आले याची कल्पना करायला अहवाल लागत नाही.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तिकडचा काळा आणि इकडचा शूद्रातिशूद्र यांचे नाते त्यांनी तेव्हाच ओळखले होते. त्या अमेरिकेतही पुढे काय झाले? १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरातल्या काळ्या लोकांनी, बसमध्ये मागे बसावे लागते म्हणून, बसच सोडली. ३८१ दिवस ती माणसे बहुतांशी पायी चालली आणि अखेर जिंकली. पण त्याच सुमारास त्या देशात मोठमोठे महामार्ग आखले जात होते, आणि ते बांधताना काळ्यांच्या नांदत्या वस्त्या मधोमध चिरल्या गेल्या. सेंट पॉल शहरातली राँडो ही त्यांतली एक. बसमधली जागा मिळाली, आणि घरापुढची गल्ली महामार्गाने नेली. तेथे अपघातात मेलेल्याचा वर्ण नोंदतात, म्हणून हेही कळते की पायी चालताना मरणाऱ्या काळ्यांचे प्रमाण गोऱ्यांहून अधिक आहे. पाटी उतरवली तरी पाटीमागची भिंत उभी असते, एवढाच याचा अर्थ.

आमच्या नाशिकला अलीकडे सायकलीचे मोठे प्रेम आहे, आणि ते मला मनापासून आवडते. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या इथल्या बंधूंनी २०१५ साली सायकलवर अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत पुरी केली तेव्हा सारे शहर हरखले. पहाटे त्र्यंबक रस्त्याला सायकलस्वारांचे थवे दिसतात. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात रंगीत सदरे. त्याच वेळी सातपूरच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून, हँडलला डबा अडकवून, काही माणसे उलट दिशेने येत असतात. रस्ता एक, वेळ एक, वाहन एक. पण पहिल्यांना आपण ‘सायकलिस्ट’ म्हणतो आणि दुसऱ्यांना ‘ए सायकलवाल्या’. सायकलची वाट करायची असेल तर ती या दुसऱ्या माणसाच्या रस्त्याने आधी करावी. पहिल्याला तिचा लाभ होईलच. उलट केले तर व्यायामाची एक सुंदर जागा होईल. पण कामावरून दमून येणारा माणूस ट्रकच्या चाकाजवळूनच घरी जाईल.

‘एवढे पदपथ बांधायला पैसा आणि जागा कुठून आणायची?’ असे विचारणारे व्यवहारी लोक असतात. त्यांनी पालखीमार्गाकडे पाहावे. आळंदी-देहूहून पंढरीला जाणारे मार्ग रुंद करताना दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी पायी चालण्याची वाट राखण्याची योजना २०२१ साली झाली. पैसा निघाला, जागा निघाली. कारण ते चालणे आपल्याला पवित्र वाटते. मग पोटासाठी चालणे अपवित्र कसे? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्यावाचूनच्या पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. टाळेबंदीत जालन्याहून गावाकडे निघालेली ती माणसे रुळांवरून चालत आली होती आणि थकून रुळांवरच झोपली होती. एवढ्या मोठ्या देशात चालायला आणि टेकायला त्यांना रुळांवाचून जागा मिळाली नाही. हा त्या हक्काचा दुसरा चेहरा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. वाट कोणी कोणाला द्यावी? माझ्या विचाराचा शेवट असा होतो की हा प्रश्न सौजन्याचा वाटला तरी सौजन्याच्या आधी तो हक्काचा आहे. ज्याला बाजूला होण्यावाचून गत्यंतर नाही, त्याचे सरकणे हे सौजन्य नव्हे, ती लाचारी आहे. आणि ज्याला कोणी हटवू शकत नाही, त्याने कधीमधी मोटार थांबवून एखाद्या म्हातारीला जाऊ देणे हे चांगले असले तरी ते दानच. वाट ‘देणे’ खऱ्या अर्थाने घडते ते दोघांचाही पाय सारख्याच हक्काने जमिनीवर असेल तेव्हाच.

तसे मी एकदा घडलेले ऐकले आहे, आणि घडवणारी माणसे आमच्या जिल्ह्यातली होती. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला निघाला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी फार होते. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी ही त्यांची मुख्य मागणी होती. सुमारे १८० किलोमीटर ती माणसे महामार्गावरून चालली. कित्येकांच्या पायांची सालटी निघाली होती. ११ मार्चला ती मुंबईत शीवला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात दहावीचा पेपर होता. मोर्चा दिवसा निघाला असता तर मुले अडकली असती. तेव्हा दिवसभर चाललेली ती माणसे रात्री पुन्हा उठली आणि उजाडण्याच्या आत आझाद मैदानावर जाऊन बसली. दरवर्षी दहावीच्या वर्गाची धाकधूक पाहणारा मी मास्तर. मला त्या रात्रीचे मोल कळते. त्या दिवशी रस्ता त्यांचा होता, त्यांनी तो चालून मिळवला होता. म्हणूनच त्यांनी तो दुसऱ्याच्या मुलांना देऊ केला, तेव्हा ते देणे ठरले. एरवी हीच माणसे महामार्गाच्या कडेला मोटारींना वाट करून देत उभी असतात. त्याला कोणी औदार्य म्हणत नाही.

नीतीच्या पुस्तकात वाट देण्याचा धडा घालण्याआधी, मला वाटते, रस्त्यावर दगडामातीचा धडा घालावा लागेल. चालणाऱ्याला उंचवट्याची कडा, सायकलवाल्याला आपली पट्टी, हंडेवालीला पुरात न वाहणारा पूल, वस्तीपर्यंत पोचणारे डांबर. रस्ता आखताना त्या जुन्या यादीतला राजा खोडावा, स्नातक खोडावा, गाडीवाला शेवटी न्यावा; आणि ओझे वाहणारा माणूस या रस्त्यावरून आपल्या पोराला घेऊन अंधार पडल्यावर सुखरूप घरी जाईल काय, एवढेच आधी विचारावे. याचे उत्तर होय असेल तर तो रस्ता सर्वांचा. मग त्यावर दोन माणसे समोरासमोर आली, तर कोणी बाजूला व्हायचे ते त्यांचे ती पाहून घेतील; बहुधा दोघेही थोडे थोडे सरकतील.